गोदाकाठापासून औदुंबरापर्यंत

बालकवींची 'औदुंबर' जेमतेम आठ ओळींची. झरा, चार घरांचं गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड. दुःख, एकटेपणा, मरण यांतला एकही शब्द नाही, तरी वाचून झाल्यावर मन जड होतं. न बोलता सांगण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे 700 गाथा आहेत. त्यांतल्या एकीत एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते: आता खुशाल फिर, ते कुत्रं आज मारलं गेलं, गोदाकाठच्या कुंजात राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं मारलं. वरवर हा दिलासा. पण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या वाटेला कशाला जाईल? तो कुंज तिचं प्रियकराला भेटायचं ठिकाण, तिथं तिला कुणी नको आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात ध्वनी, म्हणजे शब्दांपलीकडे सुचणारा अर्थ, समजावताना हीच गाथा घेतली. कुंज, नदी, सिंह सगळं जागच्या जागी, आणि तिची ओढ मात्र वाचणाऱ्यानंच ओळखायची.

तुकोबांची वाट वेगळी. वृक्षवल्लींना ते सोयरे म्हणतात आणि एकांतातलं सुखही सरळ बोलून दाखवतात.

'औदुंबर' पुन्हा गोदाकाठच्या त्या गाथेच्या वाटेनं जाते. तिच्यातले रंग पाहा: हिरवाळी, निळासावळा झरा, मग पांढरी पायवाट. ती 'अडवीतिडवी' पडलेली वाट हिरव्या कुरणातून निघते आणि थेट काळ्या डोहाकडे जाते. तिथं पाण्यावर पसरलेली काळिमाही 'गोड'! भीती आणि ओढ एकाच शब्दात आली.

त्र्यंबक बापूजी ठोमरे 1890 साली धरणगावला जन्मले. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली आणि 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात ते गेले. त्या काळ्या डोहात अनेकांना हा मृत्यू दिसतो. मला ते पटत नाही. डोहाचं गूढ त्या ओळींनीच उभं केलं आहे, त्याला अपघाताचा आधार लागत नाही.

त्याच जळगाव भागातल्या बहिणाबाईंची गाणी त्यांच्या पश्चात, 1952 मध्ये छापून आली. त्यांची सुगरण घरटं विणते, पिलं झोपवते, आणि मग तिचा 'जीव झाडाले टांगला' जातो. काळजी हा शब्द तिथं कुठंच नाही. खोपा वाऱ्यावर हलतो आहे, एवढंच दिसतं.