कालवांतलं पाणी: भेसळ की खोटं लेबल?

अमेरिकेत 30 जून 1906 रोजी अन्न-औषध शुद्धतेच्या कायद्यावर सही झाली. मासळी विकणाऱ्याला कोर्टात खेचायला त्यात दोन कलमं होती. सातवं भेसळीचं, आठवं खोट्या लेबलाचं. दोन्हींची सरसकट गल्लत होते.

लेबलाचं प्रकरण सोपं. मेन राज्यात छोटे हेरिंग मासे डबाबंद व्हायचे. मासा चोख, पण डब्यावर फ्रान्सचा माल असल्याचं छापलं की गुन्हा. मालात खोट नाही, छापलेलं खोटं.

भेसळ मात्र मालातच असते आणि तिला बाहेरचं काही मिसळावंच लागतं असंही नाही. कुजलेली मासळी या कायद्याने भेसळयुक्तच धरली जायची. खरा कस लागला तो कालवांवर, म्हणजे ऑयस्टरवर. खाऱ्या पाण्यातली कालवं विक्रीआधी खाडीत, कमी खाऱ्या पाण्यात ठेवायची जुनी रीत होती. पाणी अंगात शिरतं, कालव फुगतं, पांढरं, गुबगुबीत दिसतं आणि त्याची मूळ खारट चव जाते. शिंपल्यातून काढलेल्या कालवांवर थेट बर्फ टाकला तरी तेच. बर्फ वितळतो आणि गिऱ्हाईक मांसाच्या भावात पाणी घेऊन घरी जातं. अमेरिकी कृषी खात्यातल्या हार्वे वायली यांच्या रसायन विभागाने या पाण्याला भेसळ ठरवलं, ते मला शंभर टक्के पटतं. पाणी विषारी नसलं तरी मालाचा कस उतरला, एवढं कायद्याला पुरे होतं.

आणि पाणी निरुपद्रवी असेलच असंही नाही. 1894 मध्ये कनेक्टिकटच्या वेस्लियन विद्यापीठात मेजवानीतली कच्ची कालवं खाऊन विद्यार्थ्यांना विषमज्वर झाला. ती ज्या खाडीत फुगायला ठेवली होती, तिथे जवळच्याच घराचं सांडपाणी येत होतं आणि त्या घरात विषमज्वराचे रुग्ण होते.

एकाच पिंपावर दोन्ही कलमं लागू शकत: पाणी मिसळलं म्हणून भेसळ, ते कालवं म्हणून विकलं म्हणून खोटं लेबल. आपल्या 1954च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यातही या दोन व्याख्या वेगळ्याच होत्या.

शिक्षा मात्र तोकडी. माल दुसऱ्या राज्यात पाठवल्याच्या पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त 200 डॉलर दंड. दुकानदाराकडे पुरवठादाराची लेखी हमी असली तर तो सुटायचा आणि खटला हमी देणाऱ्यावर चालायचा.