देवखाऊ आणि रोगजंतू : ब्लॅक मेटल, डेथ मेटल आणि फिलिपाइन्सची गावं

दोन फिलिपिनो हेवी मेटल बँड घेऊ, कर्कश रॉक वाजवणारे. एकाचं नाव पॅथोजेन, म्हणजे रोगजंतू. दुसऱ्याचं डेइफागो. लॅटिनमधला देव आणि ग्रीकमधलं खाणं यांची मोट बांधून केलेला शब्द. मराठीत देवखाऊ म्हणा. पॅथोजेन हा मनिलाच्या दक्षिणेला साधारण ऐंशी किलोमीटरवर, लागुना प्रांतातल्या सान पाब्लोचा. डेइफागो १९८९ साली मनिलात सुरू झाला आणि पुढे पार कोस्टा रिकात जाऊन राहिला. दोघांच्याही गाण्यात गायक एक शब्द कळू देत नाही, दोघांचेही टीशर्ट काळे, ड्रम दोन्हीकडे धडकी भरवणारे. घरात मोठ्याने लावलं तर दोघांच्या वाट्याला एकच वाक्य येतं : "आधी ते बंद कर." तरी पॅथोजेन वाजवतो ते डेथ मेटल, तेही जुन्या वळणाचं, आणि डेइफागोचं ते ब्लॅक मेटल. ऐकणाऱ्यांच्या लेखी हा फरक ख्याल आणि ठुमरीतल्या फरकाइतका सरळ आहे. म्हणजे सांगायला सोपा आणि सिद्ध करायला गेलं की घसरडा.

ओळखीची खूण म्हणून बहुतेक जण सैतान पुढे करतात. सैतानाची गाणी ती ब्लॅक; मढी, आतडी, रक्त असेल ती डेथ. कॉलेजात असताना मीही ज्युनियर पोरांना छातीठोकपणे हेच सांगायचो. ते चूक होतं. कॅलिफोर्नियाच्या पझेस्ड या बँडने १९८५च्या पहिल्याच अल्बमात 'डेथ मेटल' नावाचं गाणं घातलं, आणि तो अल्बम सैतानाने गच्च भरलेला आहे. फ्लोरिडाच्या डीसाइडचा गायक ग्लेन बेंटन याने कपाळावर उलटा क्रूस डागून घेतला. तरी डीसाइड डेथ मेटलच. उलट ज्या अल्बमवरून 'ब्लॅक मेटल' हे नाव पडलं, तो इंग्लंडच्या व्हेनमचा १९८२चा अल्बम आज ऐकला तर मळकट, भरधाव रॉक अँड रोल वाटतो. आणि नॉर्वेतल्या कित्येक ब्लॅक मेटलवाल्यांची गाणी बर्फ, जंगल आणि रात्र यांतच संपतात, सैतान तिथे फिरकतही नाही.

त्यापेक्षा गिटारवाल्याचा उजवा हात बघा.

डेथ मेटल वाजवताना तळहाताची कड बहुतेक वेळ ब्रिजपाशी, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर बसतात तिथे, टेकलेली असते. तार छेडली की आवाज जागीच दाबला जातो. घुमायला वाव नाही; ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा तुटक, जाड ठोका. तारा आधीच सैल करून स्वर उतरवलेला असतो, नेहमीच्या ई ऐवजी डी, कधी पार बी. ड्रमवाल्याचे दोन्ही पाय त्या ठोक्यांना चिकटून चालतात. सगळी मजा ठोका सुटा ऐकू येण्यात असते. तो दुसऱ्यात मिसळला की वाजवणारा कच्चा.

ब्लॅक मेटलवाला तोच तळहात उचलतो. तारा मोकळ्या, आणि पिक, म्हणजे तार छेडायची चकती, एकाच स्वरावर खाली-वर इतक्या वेगाने फिरतं की आघात मोजता येईनासे होतात, स्वर लांबच लांब पसरत जातो. सतारीवरचा 'झाला' (शेवटची जलद छेड) रंगात आला की कानाचं काय होतं ते आठवा : छेड विसरते, झंकार उरतो. फिलिपिनो कानाला तर यासाठी सतारीची गरज नाही. तिथे स्पॅनिश अमदानीपासून रोंडाल्या नावाचा तंतुवाद्यांचा ताफा आहे, शाळाशाळांतून पोरं तो वाजवतात. त्यातलं मुख्य वाद्य बांदुर्या. त्यावर लांब स्वर धरायचा तर तार सारखी छेडत राहण्यावाचून इलाज नसतो. ब्लॅक मेटल तिथून निघालं असं मी म्हणत नाही, पण शाळेच्या गॅदरिंगला बांदुर्या वाजवलेल्या पोराच्या मनगटाला ही हालचाल परकी नसणार.

आवाजाचं थोडक्यात : डेथवाला खर्जात, पोटातून गुरगुरतो. ब्लॅकवाला तार सप्तकात, घसा खरवडून किंचाळतो. लोगोही वेगळे, डेथचे ठिबकणारे, ब्लॅकचे काटेरी झुडपासारखे. वाचता दोन्ही येत नाहीत.

खरा कस रेकॉर्डिंगमध्ये लागतो. फ्लोरिडात टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्सने डेथ मेटलचे जे अल्बम ध्वनिमुद्रित केले, त्यांत एवढ्या गदारोळातही पायाचा एकेक ठोका मोजता येतो. नॉर्वेच्या डार्कथ्रोनची गोष्ट याच्या उलट आहे, आणि दोन्ही शैली शेजारी ठेवून ऐकायच्या तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १९९१ साली आलेला त्यांचा पहिला अल्बम स्वीडनच्या सनलाइट स्टुडिओत केलेला. नीटनेटका डेथ मेटल. पुढच्याच वर्षी दुसरा आला तेव्हा तोंडाला पांढरं-काळं फासलेलं होतं, आणि स्वच्छ आवाज मुद्दाम टाकून दिलेला होता. १९९४चा अल्बम तर घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर केलेला. पातळ, भुरकट, शेजारच्या इमारतीतून ऐकू यावा तसा. तीच माणसं, तोच देश. डेथ मेटलमध्ये ज्याला खराब रेकॉर्डिंग म्हणतात, ते इथे हवं म्हणून केलं जातं.

(मुंबईच्या गटस्लिट या बँडचा कार्यक्रम पाहिला असेल तर तुम्ही डेथ मेटल ऐकलंय, शंका नको. तळहात कुठे असतो ते पुढच्या वेळी बघा.)

आता हीच फूटपट्टी डेइफागोला लावली की ती मोडते. तिथे नॉर्वेचं धुकं नाही, उदास लांब सूर नाहीत. बास गिटार इतकी फाटलेल्या आवाजात वाजते की तिचं आणि गिटारचं भांडण जुंपल्यासारखं वाटतं. सोलो मध्येच उसळतो आणि कुठेही न पोचता विझतो. ड्रम कोसळत असतात. नवख्याला हे डेथ मेटल वाटतं, आणि त्यात त्याची फार चूकही नाही. पण या बँडचं घराणं वेगळं आहे : ब्राझीलचा सार्कोफागो, कॅनडाचा ब्लास्फेमी. या पंथाला बेस्टियल ब्लॅक मेटल किंवा वॉर मेटल म्हणतात. यात डेथचं वजन घेतलेलं असतं, पण सुटेपणा फेकून दिलेला असतो. ठोके एकमेकांत चिरडले जाणं हेच तर हवं असतं. म्हणून माझ्या हिशोबाने डेइफागो ब्लॅकच. तळहाताची कसोटी इथे अर्धीच चालते, रेकॉर्डिंगची पुरी चालते.

मनिलातला बँड नॉर्वेऐवजी ब्राझीलच्या वळणावर का जातो, याचं मला पटणारं उत्तर चर्चमध्ये आहे. नॉर्वेत ज्या चर्चविरुद्ध पोरं उठली, ते लोकांच्या कागदोपत्री धर्मापुरतं उरत चाललेलं लुथरन चर्च होतं; त्याच्या मागे जाऊन त्यांनी ओडिनचा, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या देवाचा, काळ शोधला. फिलिपाइन्समधलं चर्च रविवारी भरतं. २०२०च्या जनगणनेत सुमारे ७९ टक्के लोक रोमन कॅथलिक आहेत. ब्राझीलसारखाच हा देशही आयबेरियन (स्पेन-पोर्तुगालच्या) बोटींमागून आलेल्या पाद्र्यांनी घडवला. विखुरलेल्या वस्त्या उठवून लोकांना चर्चभोवती वसवलं गेलं, आणि त्या व्यवस्थेला स्पॅनिशमध्ये नाव होतं 'घंटेखाली'. घंटा ऐकू येईल एवढ्या टापूत राहायचं. आवाज पोचेल तिथवर राज्य. अशा गावात वाढलेल्या पोराला देवाशी भांडायचं असेल तर बर्फाळ जंगलाचं चित्र काढून भागत नाही, त्याला त्या घंटेपेक्षा मोठा आवाज लागतो.

संगीत शिकवलं तेही त्याच चर्चने. गोव्याच्या चर्चच्या शाळांत व्हायोलिन शिकून पोरं मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत आली, तशीच फिलिपिनो पोरं आशियाभरच्या हॉटेलांत आणि जहाजांवर वाजवत गेली.

जुने देव तिथेही आहेत, फक्त बर्फातले नाहीत. डेइफागोच्या गिटारवादकाने स्टेजसाठी नाव घेतलं सिदापा. फिलिपाइन्सच्या विसाया बेटांच्या कथांतला हा मृत्यूचा देव. पानाय बेटावरच्या माद्याआस डोंगरावर राहतो आणि नव्या जन्मलेल्या बाळाचं आयुष्य तिथल्या एका झाडावर मोजून ठेवतो. आपली सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री कपाळावर लिहून जाते, त्याच खात्यातला माणूस. डेइफागोच्या २००९च्या अल्बमचं नाव 'फिलिपिनो अँटिख्राइस्ट'. शिवी देतानाही देशाचं नाव पुढे.

अशी नावं घेणं तिथे अगदीच बिनधोक नाही. फिलिपाइन्सच्या दंडसंहितेत १३३वं कलम आहे, आपल्याकडे २०२४ पर्यंत लागू असलेल्या जुन्या दंडसंहितेतल्या २९५-अच्या कुळातलं : प्रार्थनास्थळात किंवा धर्मविधी चालू असताना श्रद्धाळूंच्या भावना दुखावल्या तर तुरुंग. कार्लोस सेल्ड्रान हा मनिलातला लोकप्रिय टूर गाइड. २०१० साली तो मनिला कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना 'दामासो' एवढा एकच शब्द लिहिलेला फलक घेऊन उभा राहिला. फिलिपिनो लेखक होझे रिझालच्या कादंबरीतल्या मग्रूर पाद्र्याचं ते नाव. निमित्त होतं संततिनियमनाच्या विधेयकाला चर्चने केलेल्या विरोधाचं. त्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली. तो माद्रिदला निघून गेला आणि २०१९ साली तिथेच वारला. एक शब्द, तोही शंभरावर वर्षं जुन्या कादंबरीतला. बँड मात्र कॅथेड्रलमध्ये वाजवत नाहीत, म्हणून कलमाबाहेर राहतात. गंमत अशी की फिलिपाइन्सच्या राज्यघटनेत चर्च आणि सरकार वेगळं आहे, आणि डेइफागो जिथे जाऊन राहिला त्या कोस्टा रिकाच्या घटनेत कॅथलिक हा सरकारी धर्म आहे.

मनिलाबाहेर पडलं की ब्लॅक आणि डेथची ही भिंत आणखी पातळ होते, आणि कारण रोकडं आहे. तिथे गावाकडच्या भागाला 'प्रोबिन्स्या' म्हणतात, आपल्या 'गावाकडे'सारखंच, थोडं प्रेमाने थोडं हिणवून. गावात गिटारवाले पाच, ड्रमसेट एक. वेगळी चूल कुणाला परवडते? थ्रॅश, पंक, डेथ, ब्लॅक एकाच संध्याकाळी एकाच अँप्लिफायरवर. गावात मोठा मंच असतो तो बहुधा दोनच जागी : छप्पर घातलेलं बास्केटबॉलचं मैदान, नाहीतर चर्चपुढचा चौक. आणि बँडांची चुरस लागते ती बहुतेक पिस्तात, म्हणजे गावच्या संताच्या जत्रेत. आपल्याकडे जत्रेला ऑर्केस्ट्रा येतो, तिथे 'बॅटल ऑफ द बँड्स' असतं. देवखाऊ पंथाच्या पोरालाही पहिला माइक मिळण्याची शक्यता संताच्या कृपेनेच. त्यात तिथला उकाडा. नॉर्वेत तोंडावरचा रंग टिकतो. इथे दुसऱ्या गाण्यापर्यंत तो घामाबरोबर गळ्यात उतरतो. काट्यांचे पट्टे आणि काडतुसांचे कंबरपट्टे इथे जास्त सोयीचे, हे मला आपलं उगाच वाटतं.

पॅथोजेनचं सान पाब्लो सात तळ्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं. ज्वालामुखीच्या स्फोटांनी पडलेले खड्डे पाण्याने भरून ती तळी झाली. जवळच दोन डोंगर आहेत. बानाहाव पवित्र, तिथे गुड फ्रायडेच्या आठवड्यात यात्रेकरूंची रीघ लागते. शेजारचा सान क्रिस्तोबाल मात्र लोकांच्या तोंडी 'सैतानाचा डोंगर'. एवढं सगळं हाताशी असताना या गावच्या बँडने नाव घेतलं रोगजंतू. म्हणून तर म्हटलं, सैतानावरून काही ठरत नाही.

आणि रक्ताचंच म्हणाल तर तिथे चर्चच्या बाजूलाच ते जास्त आहे. पांपांगा प्रांतातल्या सान पेद्रो कुतुद गावात गुड फ्रायडेला नवस बोललेली माणसं हातातून खरे खिळे मारून घेऊन क्रूसावर चढतात, रस्त्याने पाठीवर फटके मारत जाणाऱ्यांच्या रक्ताचे शिंतोडे बघणाऱ्यांच्या कपड्यांवर उडतात. कुठल्याही डेथ मेटल अल्बमचं कव्हर यापुढे पोरकट दिसेल.

मनिलाच्या कियापो भागात राओन नावाची गल्ली आहे. आता तिचं अधिकृत नाव वेगळं आहे, पण सगळे राओनच म्हणतात. स्पीकर, अँप्लिफायर, व्हिडिओकेची (कराओकेची) यंत्रं, गिटारी, पेडल, सुटे पार्ट, सगळं तिथे स्वस्तात मिळतं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर काळ्या नाझारेनोचं, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या काळ्या येशूच्या मूर्तीचं, चर्च आहे, दर ९ जानेवारीला ज्याच्या मिरवणुकीत मुंगीला शिरायला जागा नसते. चर्चच्या बाहेर टोपल्यांतून आणि टेबलांवर आंतिंग-आंतिंग विकायला असतात, गळ्यात घालायचे पितळी ताईत. त्यांवर त्रिकोण, डोळे, क्रूस आणि मोडक्यातोडक्या लॅटिनमधले मंत्र कोरलेले. घेणाऱ्याला त्यातला शब्द कळत नाही. कळला तर गुण जातो, असंही काही जण मानतात.