तूर पेरली तर तूरच परत येते
आमच्या लातूरकडं जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना अजून सांगतात, ‘ॲबस्ट्रॅक्ट क्लासमधल्या मेथडचा रिटर्न टाइप सबक्लासला बदलता येत नाही, कास्ट करावंच लागतं.’ (ॲबस्ट्रॅक्ट क्लास म्हणजे अर्धवट सोडलेला साचा, सबक्लास म्हणजे त्यावरून केलेला पुढचा साचा, मेथड म्हणजे साच्यातलं एक काम, रिटर्न टाइप म्हणजे ते काम जे परत देतं त्याचा प्रकार, आणि कास्ट म्हणजे तो प्रकार आपण हातानं सांगणं.) त्यांचं हे म्हणणं २००४ च्या आधी खरं होतं. जावा ५ पासून ‘पीक’ या वरच्या क्लासातली ‘पीक’ परत करणारी मेथड ‘तूर’ या सबक्लासात ओव्हरराइड करून, म्हणजे नव्यानं लिहून, थेट ‘तूर’ परत करता येते.

गोची वेगळीच आहे. मेथडचा कोड वरच्याच क्लासात असेल तर ‘पीक<टी एक्स्टेंड्स पीक<टी>>’ असं जेनेरिक (प्रकाराची जागा मोकळी ठेवणारं) लिहून ‘टी’ परत करतात; ‘टी’च्या जागी सबक्लासनं स्वतःचं नाव भरायचं असतं. पण ‘सोयाबीन एक्स्टेंड्स पीक<तूर>’ लिहिलं तरी कोड तपासणारा कंपायलर हूं की चूं करत नाही! म्हणून ‘टी’ परत करणारी ‘स्वतः()’ ही ॲबस्ट्रॅक्ट मेथड ठेवा. मग अशा चुकीच्या सोयाबीननं तिच्यात ‘धिस’ (म्हणजे स्वतःलाच) परत केलं, की कंपायलर तिथंच अडवतो.