हप्ता नाही म्हणजे व्याज नाही?

‘शिक्षण चालू असेपर्यंत शैक्षणिक कर्जाला व्याज लागत नाही’ हा समज घरोघरी इतका मुरला आहे की, पहिल्या हप्त्याच्या वेळी खात्यावरचा आकडा पाहून बँकेनेच फसवले असे पालकांना वाटते. वस्तुस्थिती अशी की, अभ्यासक्रमाचा काळ आणि साधारणपणे त्यापुढील एक वर्ष सवलत मिळते ती हप्त्याला, व्याजाला नव्हे. रक्कम उचलली त्या दिवसापासून सरळव्याज चढत राहते आणि परतफेड सुरू होताना ते मुद्दलात मिळवले जाते.

समजा, चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी दरवर्षाच्या आरंभी 1 लाख रुपये 10 टक्क्यांनी उचलले, तर पाचव्या वर्षाअखेर व्याज अनुक्रमे 50, 40, 30 आणि 20 हजार, म्हणजे एकूण 1 लाख 40 हजार होते, आणि हप्ता 4 नव्हे, 5 लाख 40 हजारांवर बसतो. (आकडेमोड शाळकरीच आहे, पण अर्ज भरताना ती क्वचितच कोणी करतो.)

समजाला आधार मात्र आहे. वार्षिक उत्पन्न 4.5 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी 2009 पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आली, आणि त्यांच्यापुरते खरे असलेले सर्वांच्या तोंडी बसले. इतरांनी दरमहा निदान व्याज भरत राहिले, तर मुद्दल फुगत नाही. काही बँका त्याबद्दल दरात 1 टक्का सूटही देतात.