गल्लीवरची आभाळाची पट्टी

सूर्यास्ताला जुन्या शहराच्या मोठ्या चौकात सगळ्यांची तोंडं पश्चिमेकडे असतात. पण संध्याकाळचं खरं निळेपण पाहायचं तर शेजारच्या अरुंद, निवांत गल्लीत शिरावं. तिथे दोन्ही बाजूंच्या भिंती क्षितिज झाकून टाकतात आणि उरते ती फक्त माथ्यावरची आभाळाची पट्टी. फरसबंदीवर, दारांवर, कोनाड्यांत पोचणारा उजेड जवळजवळ सगळा तिथूनच उतरतो.

ही पट्टी निळी का? दिवसा हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून आभाळ निळं दिसतं. सूर्य मावळल्यावर हे उत्तर अपुरं पडतं. तिरप्या किरणांना हवेतून इतकं लांब अंतर कापावं लागतं की निळा भाग वाटेतच गळून जातो. त्या हिशेबाने माथ्यावरचं आभाळ पिवळट दिसायला हवं. १९५३ मध्ये एडवर्ड हुलबर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं की हे निळेपण मुख्यतः ओझोनमुळे टिकतं. उंचावरचा ओझोन नारिंगी-पिवळा प्रकाश शोषून घेतो. अतिनील किरणांपासून वाचवणारा हाच वायू संध्याकाळही रंगवतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याच वेळी आपली नजरही बदलत असते. भरपूर उजेडात डोळ्यातल्या शंकूपेशी काम करतात. त्या सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतात. अंधारू लागलं की दंडपेशी पुढे येतात. त्यांचा कल ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर-हिरव्याकडे असतो, आणि तांबडा प्रकाश त्यांना जवळपास जाणवतच नाही. त्यामुळे लाल रंगाचं दार काळपट होत जातं आणि शेजारची निळी खिडकी उजळल्यासारखी वाटते. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुरकिन्ये यांनी १८२५ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हा पुरकिन्ये परिणाम.

त्याच पट्टीवर गल्लीची ऊबही ठरते. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. उघड्या मैदानातून ती थेट आभाळाकडे जाते, गल्लीत मात्र बरीचशी समोरच्या भिंतीवर आदळून तिथेच फिरत राहते. म्हणून मोकळ्या जागेपेक्षा गल्ली सावकाश निवते.

दंडपेशींना अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश, म्हणजे सूर्य मावळून क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा काळ, साधारण तेवढाच टिकतो. ध्रुवांकडे सरकावं तशी संधिप्रकाशाची वेळ वाढते. तेव्हा निदान तेवढा वेळ मोबाइल खिशातच असू द्या, कारण त्याचा झगझगीत पडदा हा सराव मोडतो. अंधूक झालेलं कोरीव काम नीट दिसेना तर नजर त्याच्या किंचित बाजूला रोखा. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, त्या आजूबाजूला दाटलेल्या असतात.