लॅपटॉपमधलं ४०७० आणि कॅबिनेटमधलं ४०७०

सीईटीचा निकाल लागला की आमच्याकडे दोन प्रश्नांचे फोन सुरू होतात. कॉलेज कोणतं घ्यावं, आणि लॅपटॉप कोणता घ्यावा. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नसतं. दुसऱ्याचं असतं, असा नातेवाइकांचा समज आहे. २०२४ च्या जूनमध्ये सांगलीहून भाच्याचा फोन आला तो मात्र विचारायला नव्हता, सांगायला होता. "मामा, ठरलं. ४०७० वाला लॅपटॉप घेतोय. मित्राच्या पीसीत तेच कार्ड आहे, कोणताही गेम लाव, अल्ट्रावर, सगळ्यात भारी चित्रावर पळतो."

आरटीएक्स ४०७० हे एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारा भाग. ते मित्राच्या पीसीत आहे हे खरं. लॅपटॉपवर ४०७० चं स्टिकर आहे हेही खरं. फक्त "तेच कार्ड" हे खरं नाही.

डेस्कटॉपच्या, म्हणजे कॅबिनेटवाल्या पीसीच्या, ४०७० मध्ये एडी१०४ नावाची चिप असते. ५,८८८ कुडा कोअर (हिशेब करणारे छोटे भाग), १२ जीबी मेमरी, १९२ बिटची बस (मेमरीकडे जाणारा रस्ता), आणि वीज २०० वॅट. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये चिपच वेगळी, एडी१०६. कोअर ४,६०८, मेमरी ८ जीबी, बस १२८ बिटची, आणि वीज ३५ पासून ११५ वॅटपर्यंत, लॅपटॉप बनवणारा देईल तेवढी. हीच एडी१०६ डेस्कटॉपमध्ये शोधायला गेलात तर ४०६० टीआयमध्ये सापडते. म्हणजे धाकट्याला थोरल्याचा सदरा घालून उभा केलाय. लांबून ओळखू येत नाही, जवळ गेलं की बाह्या लोंबताना दिसतात.

वरच्या पायरीवर तर आणखी गंमत आहे. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर आहेत. डेस्कटॉपच्या ४०८० मध्येही तेवढेच, कारण चिप एकच. आणि डेस्कटॉपचं खरं ४०९०? १६,३८४ कोअर, ४५० वॅट. ते लॅपटॉपमध्ये बसवायचं तर मांडीवर इस्त्री ठेवल्यासारखं होईल. नवी पिढी आली म्हणून रीत बदललेली नाही. ५०७० लॅपटॉपमध्ये पुन्हा ४,६०८ कोअर आणि ८ जीबी, डेस्कटॉपमध्ये ६,१४४ आणि १२.

हे आधी असं नव्हतं. जीटीएक्स ९०० च्या पिढीपर्यंत लॅपटॉपच्या कार्डापुढे "एम" लागायचा, ९८०एम वगैरे. गिऱ्हाइकाला कळायचं की हे वेगळं आहे. २०१६ मध्ये दहाची मालिका आली आणि एम गेला. तेव्हा जाणं रास्तही होतं, कारण लॅपटॉपमधलं १०६० डेस्कटॉपच्या १०६० च्या खरोखर जवळ होतं. पुढे अंतर पुन्हा वाढलं, पण एम काही परत आला नाही. आता अधिकृत नावात शेवटी "लॅपटॉप जीपीयू" असे दोन शब्द असतात. दुकानातल्या पाटीवर आणि ऑनलाइन जाहिरातीच्या मथळ्यात नेमके तेच दोन शब्द गळतात. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

या सगळ्या गोंधळात एक कार्ड सरळ आहे, ४०६०. डेस्कटॉपमध्ये असो की लॅपटॉपमध्ये, चिप एडी१०७, कोअर ३,०७२, मेमरी ८ जीबी. भाच्याला मी पहिलं हे सांगितलं तर तो वैतागला. "म्हणजे कमी नंबरचं चांगलं?" चांगलं नाही रे बाबा, प्रामाणिक. लॅपटॉपमध्ये ४०६० वरून ४०७० वर चढताना कोअर दीडपट होतात, पण मेमरी तीच ८ जीबी, बस तीच १२८ बिटची आणि विजेची कमाल मर्यादाही तीच. त्यामुळे प्रत्यक्ष खेळताना पायरी कागदावर दिसते तेवढी उंच लागत नाही. पैशांची पायरी मात्र पुरेपूर उंच असते.

आता वॅट. इथेच बहुतेक जण फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. विहिरीवरच्या मोटारीच्या पाटीवर पाच एचपी लिहिलेलं असतं. पण रात्री व्होल्टेज डाऊन असलं की पाणी किती चढतं ते शेतकऱ्याला विचारा. लॅपटॉपच्या कार्डाचं तसंच आहे. एकाच नावाचं ४०६० एका पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये ४५ वॅटवर चालतं आणि दुसऱ्या जाडजूड लॅपटॉपमध्ये ११५ वर. प्रोसेसर निवांत असेल तर डायनॅमिक बूस्ट नावाची सोय त्याच्या वाटणीची वीजही कार्डाकडे वळवते, मग १४० वॅटपर्यंत जातं. दोन्हींवर स्टिकर एकच. ४५ वॅटचं ४०६० पूर्ण वॅटच्या ४०५० च्या मागे पडू शकतं, हे कोणताही सेल्समन आपणहून सांगणार नाही. एका दुकानात मी वॅट विचारले तर उत्तर आलं, "सर, वॅट चार्जरला असतात."

तो चुकून थोडं बरोबर बोलून गेला. चार्जर हा चांगला सुगावा आहे. गेमिंग म्हणून विकलेल्या लॅपटॉपसोबत १५० वॅटचा चार्जर दिसला, तर आतलं कार्ड १४० वॅट खात नाही हे उघड आहे, कारण प्रोसेसर आणि पडद्यालाही वीज लागते. २३० वॅटची वीट असेल तर निदान इरादा तरी बरा आहे. पक्कं उत्तर मात्र कंपनीच्या साइटवर तपशिलाच्या पानात, अगदी तळाशी, टीजीपी किंवा एमजीपी (कार्डाला मिळणारी कमाल वीज) या नावाने असतं. मशीन समोर चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, खाली डाव्या कोपऱ्यात सिस्टीम इन्फर्मेशन आहे, तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर दिसते. दुकानदार पासवर्ड टाकायला का-कू करत असेल तर दुसरं दुकान बघा.

बॅटरीवर गेमिंग हा विषय दोन ओळींचा आहे. विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-अवरपेक्षा मोठी बॅटरी नेता येत नाही, म्हणून लॅपटॉपच्या बॅटऱ्या त्याच्या आतच थांबतात. कार्ड आणि प्रोसेसर मिळून दीडशे वॅट ओढत असतील तर हिशेब तुम्हीच करा. प्लग काढला की बॅटरी झटकन संपू नये म्हणून लॅपटॉप स्वतःच कार्डाचा गळा आवळतो आणि गेम अडखळू लागतो. थोडक्यात, गेमिंग लॅपटॉप हा उचलून नेता येणारा, पण भिंतीला बांधलेला प्राणी आहे. लाइट गेल्यावर मात्र तो बंद पडत नाही, हा मोठाच दिलासा. डेस्कटॉपला त्यासाठी यूपीएस लागतो. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. ४०६० च्या पीसीला तो गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता पुरतो, त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका.

उष्णतेचं म्हणाल, तर मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीतली हवाच चाळिशीत असते. पंखा हवाच ओढतो, गारवा कुठून आणणार? लॅपटॉपचं कार्ड ८७ अंशांच्या आसपास पोचलं की स्वतःचा वेग उतरवतं. गादीवर ठेवलात तर खालच्या जाळ्या बंद, मग ते आणखी लवकर. मोठ्या कॅबिनेटमध्ये तीन पंखे असतात आणि वर्षातून एकदा झाकण काढून ब्लोअरने धूळ उडवता येते. लॅपटॉपचं झाकण उघडायला मात्र बहुतेकांचा हात धजत नाही.

एवढं ऐकून डेस्कटॉपच घ्यावा असं वाटत असेल, तर तिथलेही खड्डे आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात कोटेशन लिहून घेताना प्रोसेसर, कार्ड, रॅम असं सगळं ठणठणीत लिहिलं जातं आणि शेवटी "कॅबिनेट विथ एसएमपीएस" अशी एक ओळ येते. एसएमपीएस म्हणजे सगळ्या पीसीला वीज पुरवणारा डबा. त्या ओळीवर बोट ठेवा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ५०० वॅट छापलेलं असलं तरी ते छापण्यापुरतंच असू शकतं. ४०६० ला एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, ४०७० ला ६५० चा. इथे दोन हजार वाचवून तीस हजारांचं कार्ड त्याच्या भरवशावर सोडणं म्हणजे जनावर हजारांचं आणि दावं सुतळीचं.

दुसरा खड्डा मी स्वतः पाहिलाय. शेजारच्या मुलाने नवीन पीसी आणला आणि दोन दिवसांनी रडवेला होऊन आला, व्हॅलोरंटसारखा हलका गेमही अडकतोय म्हणाला. कॅबिनेट फिरवून मागे बघितलं. एचडीएमआयची केबल वर, मदरबोर्डच्या पोर्टला. कार्डाचे पोर्ट खाली, आडवे, त्यांच्यावरची प्लास्टिकची टोपणंही निघालेली नव्हती. दोन दिवस सगळा गेम प्रोसेसरमधल्या चिमुकल्या ग्राफिक्सवर चालला होता आणि कार्ड आत झोपा काढत होतं. केबल खाली लावली, संपलं. गंमत म्हणजे त्याने १२४००एफ हा प्रोसेसर घेतला असता तर हा घोळ झालाच नसता. नावात एफ असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, पडदा काळाच राहिला असता आणि पहिल्या मिनिटाला फोन आला असता.

डेस्कटॉपची खरी कमाई चार वर्षांनी दिसते. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे (प्रोसेसर बसवायच्या खाचेचे) २०१७ मधले कित्येक मदरबोर्ड बायॉस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालवतात. कार्ड जुनं झालं तर स्क्रू काढा, विका, नवं लावा. लॅपटॉपमधलं कार्ड बोर्डावर कायमचं डाखलेलं असतं. तिथे बदलता येतं ते एसएसडी आणि बहुतेकदा रॅम. तीही रॅम बघून घ्या. पुष्कळ लॅपटॉप एकाच काडीवर येतात, दुसरी काडी लावली की ड्युअल चॅनल होतं, म्हणजे दोन्ही काड्या एकदम कामाला लागतात, आणि गेममध्ये फरक जाणवतो.

तरीही भाच्याला मी डेस्कटॉप घे म्हटलं नाही. पुण्यात हॉस्टेलची खोली तिघांत, टेबल दोन. दर दिवाळीला कॅबिनेट आणि मॉनिटर घेऊन एसटीत चढणार का? शिवाय डेस्कटॉप स्वस्त पडतो म्हणणारे मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस हिशेबात धरत नाहीत. घरी राहून शिकणारा असता तर मी वेगळं बोललो असतो, आणि लॅपटॉप साधा घेऊन उरलेल्यात पीसी असेंबल करायला लावला असता.

शेवटी त्याने ४०७० सोडलं आणि जाडजूड अंगाचं, पूर्ण वॅटचं ४०६० घेतलं. वाचलेल्या पैशांतून रॅमची दुसरी काडी आणि मोठी एसएसडी आली. हॉस्टेलवर पोचल्याच्या रात्री त्याने कंट्रोल पॅनलचा फोटो पाठवला, मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवरपुढे १४०. त्याखाली लगेच दुसरा मेसेज.

"मामा, या चार्जरला दप्तरात वेगळा कप्पा लागतो, हे नाही सांगितलंस."