तू कोण आणि तू तोच का: केवायसी आणि लॉगिनची गल्लत

“आमच्याकडे सगळ्यांचं केवायसी झालेलं आहे, शिवाय ओटीपी येतो. आता कसली जोखीम?” जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत पतसंस्था, जिनिंग, केळीचे व्यापारी, शिक्षणसंस्था अशा ठिकाणी संगणकाची कामं करत मी फिरतो, आणि हे वाक्य दर महिन्याला कुठे ना कुठे कानावर पडतं. बोलणारी माणसं प्रामाणिक असतात. पण त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधलेल्या असतात, आणि पैसे जातात ते तिथूनच.

अहिराणीत विचारायचं तर पहिला प्रश्न, “तू कोन शे?” आणि दुसरा, “तू तोच शे का?” पहिला ओळख पडताळणीचा, म्हणजे केवायसीचा. दुसरा प्रमाणीकरणाचा, म्हणजे लॉगिन, पिन, ओटीपी, अंगठा. पहिला प्रश्न माणूस दारात पहिल्यांदा येतो तेव्हा विचारायचा, दुसरा तो पुन्हा येईल तेव्हा दर वेळी. सरकारी अर्जांवर पडताळणी, सत्यापन, प्रमाणीकरण हे शब्द वाटेल तसे एकमेकांच्या जागी वापरतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. मी इथे पहिल्याला पडताळणी आणि दुसऱ्याला प्रमाणीकरणच म्हणणार.

पडताळणी तुम्हाला चांगली माहीत आहे. आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही. बँकांना रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जोखीम जास्त असेल तर २ वर्षांनी, मध्यम असेल तर ८ आणि कमी असेल तर १० वर्षांनी ती ताजी करावी लागते. त्यात फार वेळ घालवत नाही. एकच तक्रार मांडतो, ती झेरॉक्सची. आधारच्या झेरॉक्सवरून काहीही पडताळता येत नाही. आधारवरच्या क्यूआर कोडमध्ये आधार देणाऱ्या प्राधिकरणाची डिजिटल सही असते. तो त्यांच्याच ॲपने वाचला की नाव आणि फोटो पडद्यावर येतात, आणि कोणी कागदावर फोटो चिकटवला असेल तर जागच्या जागी उघडं पडतं. मिनिटभराचं काम आहे. मग पडद्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा एकच आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं, कारण अस्सल आधार दुसऱ्याचंही असू शकतं. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. ज्या मुलखातून ही गोष्ट सुरू झाली, तिथल्याच कपाटांत आज झेरॉक्सचे गठ्ठे आहेत आणि क्यूआर वाचणारा माणूस शोधावा लागतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रत ठेवायचीच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली ठेवा.

आता प्रमाणीकरण. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण दर नोव्हेंबरात भुसावळला दिसतं. रेल्वेचे आणि ऑर्डनन्स फॅक्टरीचे पेन्शनर हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत येतात. आजोबा कोण आहेत हे बँकेला वर्षानुवर्षं माहीत असतं, त्यांचं पेन्शन तिथेच जमा होतं. विचारायचं एवढंच असतं, की तेच आहेत ना, आणि आहेत ना. १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’मध्ये ओळख नव्याने काढत नाहीत. आधीच्या नोंदीशी बोट, बुबुळ किंवा चेहरा जुळवून बघतात. नोंद आधीची, जुळवणी आत्ताची, एवढंच प्रमाणीकरण.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. आधीची नोंदच चुकीची असेल तर जुळवणी चोख होऊनही उपयोग नाही. खोट्या कागदांवर उघडलेल्या खात्याचा पासवर्ड कितीही अवघड ठेवा, खातं खोटंच राहतं. आणि नोंद अस्सल असून जुळवणी ढिली असेल तर अस्सल माणसाच्या नावाने भलताच माणूस आत शिरतो. पहिल्या प्रकारात भाड्याची खाती, म्हणजे दुसऱ्याचे पैसे फिरवायला वापरलेली, आणि बोगस कर्जदार येतात, दुसऱ्यात खात्याचा ताबा जातो. दोन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे, आणि संस्थेत जबाबदार माणूसही बहुधा वेगळा.

खरी अडचण ओटीपीपाशी येते, म्हणून तिथे थांबतो.

ओटीपी काय सिद्ध करतो? नोंदवलेल्या नंबरवर गेलेले सहा आकडे कोणाला तरी कळले आणि त्याने ते टाकले. बस, एवढंच. फोन कोणाच्या हातात होता, आकडे वाचणाऱ्याने ते दुसऱ्याला फोनवर सांगितले का, सिम खऱ्या मालकाकडे आहे का, यातलं काहीही ओटीपीला कळत नाही. तरीही आपल्याकडे ओटीपी आला की माणूस खरा, असा समज पक्का बसला आहे.

एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत बॅकअप तपासायला बसलो होतो. विशीतला एक मुलगा आला. आत्याच्या खात्याचा मोबाइल नंबर बदलायचा होता. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने चार घड्या घातलेली आधारची झेरॉक्स काढली, अर्जावर आत्याचा अंगठा आधीच उमटवून आणलेला होता. क्लार्कने नवा नंबर टाकला, झेरॉक्स अर्जाला स्टेपल केली आणि म्हणाला, “ओटीपी सांग.” मुलाने स्वतःच्या खिशातला फोन काढला, सहा आकडे वाचून दाखवले. पडद्यावर हिरव्या अक्षरात आलं, ‘पडताळणी यशस्वी’. सगळं मिळून तीन मिनिटंही लागली नसतील.

मी क्लार्कला विचारलं, ही आत्या आहे हे कशावरून? तो शांतपणे म्हणाला, “साहेब, ओटीपी आला ना. नंबर चुकीचा असता तर आला असता का?”

त्या उत्तरावर मी आजही विचार करतो, कारण ते अगदी सरळ मनाने दिलेलं होतं आणि सॉफ्टवेअरनेच त्याला तसं शिकवलं होतं. ओटीपी नव्या नंबरवर गेला. म्हणजे नवा नंबर चालू आहे, एवढंच कळलं. तो आत्याचा आहे की नाही, हे त्या मुलाच्याच फोनला विचारून कसं कळणार? त्या दिवशी काही बिघडलं नाही. मुलगा खरंच भाचा होता, आत्याचा फोन विहिरीत पडला होता. पण हे त्या क्लार्कला ठाऊक नव्हतं. दुसरा कोणी आला असता तरी पडद्यावर तीच हिरवी अक्षरं आली असती.

गल्लतीचं मूळ इथे आहे. नंबर बदलणं, पासवर्ड विसरणं, फोन हरवणं, या वेळी ‘तू तोच का’ या प्रश्नाचं उत्तर ज्या वस्तूने द्यायचं, तीच वस्तू माणसाकडे उरलेली नसते. म्हणजे दुसरा प्रश्न विचारताच येत नाही. मागे जाऊन पहिला प्रश्न पुन्हा विचारावा लागतो, आणि तोही खातं उघडताना जेवढा कसून विचारला होता तेवढाच कसून. प्रत्यक्षात उलट होतं. खातं उघडताना फोटो, दोन पुरावे, ओळख देणारा सभासद, अधिकाऱ्याची सही. नंबर बदलताना एक झेरॉक्स. चोराला ही तफावत आपल्यापेक्षा आधी कळते. तो पासवर्ड फोडत बसत नाही, ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून सरळ खिडकीपाशी येतो.

मोबाइल कंपन्यांना हा धडा मिळालेला आहे. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर ७ दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. ही मुदत मुद्दाम ठेवली आहे, म्हणजे खऱ्या मालकाचा फोन अचानक बंद पडला तर त्याला ओरडायला वेळ मिळतो. हीच पद्धत मी संस्थांना घ्यायला सांगतो. नंबर बदलाचा अर्ज आला की जुन्या नंबरवर मेसेज पाठवा, एक दिवस थांबा, अर्ज घेणाऱ्याने मंजुरी देऊ नये, खातं उघडतानाचा फोटो पडद्यावर काढून समोरच्या चेहऱ्याशी ताडून बघा, आणि नंबर बदलल्यावर पहिले काही दिवस मोठी रक्कम ॲपवरून जाऊ देऊ नका. आत्या चालू शकत नसेल तर कर्मचाऱ्याने घरी जावं. गिऱ्हाईक चिडेल, चिडू द्या. त्याच्याशी मी स्वतः बोलायला तयार आहे.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर मी जास्तच कडक आहे. एका कार्यालयात व्यवहार टाकणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, अशी चांगली व्यवस्था होती. दोघांचेही पासवर्ड शेजारच्या टेबलाच्या काचेखाली एकाच चिठ्ठीवर, निळ्या शाईने, कारण मॅनेजर साहेब बैठकीला गेले की काम अडतं. त्या मॅनेजरची नेमणुकीच्या वेळी पोलीस पडताळणी झाली होती, पदवीची मूळ प्रत बघितली होती. पहिला प्रश्न शंभर टक्के सुटलेला, पण ‘मंजूर’ हे बटण दाबणारा हात कोणाचा, हे संस्थेला सांगता येत नव्हतं. ज्यांच्या हातात मंजुरी आहे त्यांना एसएमएसचा ओटीपी ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. फोनवरच दर थोड्या वेळाने नवा कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप बरं, पासकी, म्हणजे फोन किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली, त्याहून बरी. ओटीपी फोनवर सांगता येतो, बनावट पानावर टाकता येतो. पासकी ज्या संकेतस्थळासाठी बनली त्याच संकेतस्थळाला उत्तर देते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही आणि माणसाला ती कोणाला वाचूनही दाखवता येत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनीही डिजिटल व्यवहारांसाठी एसएमएसपलीकडचे मार्ग मोकळे केले आहेत, तेव्हा ‘नियमात ओटीपीच लिहिलाय’ ही सबब आता पुरे.

अंगठ्याबद्दल थोडं. अंगठा गुपित नसतो, खरेदीखतावर तो उघडा उमटलेला असतो, आणि अशा कागदांवरून ठसे उचलून आधारवरून पैसे काढल्याची प्रकरणं देशात झालेली आहेत. म्हणून ज्यांना लागत नाही त्यांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. याची दुसरी बाजू मला जास्त टोचते. कापूस वेचणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजतात, मशीन ‘जुळत नाही’ म्हणतं आणि समोरचा माणूस तिला संशयाने बघतो. जुळवणी फसली, एवढाच त्याचा अर्थ. ती कोण आहे हा प्रश्न तिथे उपस्थितच झालेला नसतो. चेहरा, बुबुळ किंवा ओळखीचा दुसरा मार्ग संस्थेने आधीच ठरवून ठेवलेला असला पाहिजे, आणि तिला परत पाठवायचा अधिकार मशीनकडे नसावा.

आत आल्यावर कोणाला काय करता येईल, म्हणजे अधिकार, ही तिसरी गोष्ट. तिच्यात गोंधळ कमी होतो, म्हणून ती सोडून देतो.

या दोन प्रश्नांची गल्लत आपल्याचकडे होते असं नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेच्या डिजिटल ओळखीच्या मार्गदर्शिकेत, तिचा क्रमांक ८००-६३, दोन्हींसाठी मिळून चार पायऱ्यांची एकच शिडी होती. २०१७ मध्ये त्यांनी ती मोडली आणि पडताळणीची पातळी वेगळी, प्रमाणीकरणाची वेगळी केली. कारण साधं आहे. एखाद्या सेवेला माणूस कोण आहे हे कळायची गरजच नसते, पण तोच परत आला हे पक्कं कळावं लागतं. कर्ज देताना दोन्ही लागतं. तुमच्या जोखमीच्या नोंदवहीत ‘केवायसी व ओटीपी’ असा एकच रकाना असेल तर त्याचे दोन करा, आणि ‘नंबर बदल व पासवर्ड रिसेट’ असा तिसरा त्यांच्या मध्ये घाला.

सुरुवात कुठून करायची, असं मला विचारतात तेव्हा मी नवं काही विकत घ्यायला सांगत नाही. सॉफ्टवेअरमधून एक यादी काढायला सांगतो: एकच मोबाइल नंबर किती खात्यांना जोडलेला आहे. घरातल्या चार जणांचा एक नंबर असेल तर समजू शकतो. पण एका ठिकाणी ही यादी छापली तेव्हा सगळ्यात वर जो नंबर होता त्याच्याखाली साठच्या वर नावं होती, वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या आडनावांची. नंबर पिग्मी एजंटचा होता. ज्यांच्याकडे फोन नव्हता किंवा नंबर पाठ नव्हता, त्यांच्या अर्जात त्याने सोय म्हणून स्वतःचा टाकला होता. साठही जणांचं केवायसी पूर्ण होतं. साठही जणांचा ओटीपी त्याच्या एका फोनवर येत होता. दुसऱ्या दिवसापासून शाखाधिकारी बाई ती यादी घेऊन गावोगाव निघाल्या, आणि प्रत्येक घरी जाऊन खातेदाराला विचारून त्याचा नंबर स्वतःच्या हाताने लिहून घेऊ लागल्या. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या नावापुढे त्यांनी रकाना रिकामा ठेवला आणि ॲप बंद केलं.